आकडा धरा, बांधू नका

चेतक नानांच्या घरात गाठ नव्हती. कपडे वाळत घालायची दोरी दोन्ही टोकांना लोखंडी आकड्यांनी अडकवलेली असे. पिशवीचं तोंड ते दोनदा पिळून खाली दुमडत. गाईचं दावं खुंट्यावर नुसतं टाकलेलं असे. त्यामुळे गाय आठवड्यातून एकदा तरी शेजारच्या सोनूच्या वांग्यांत जाई. सोनू मधल्या दगडी गडग्यावरून ओरडे, "नाना, तुमचं हेलिकॉप्टर परत उडालं ओ!" नाना शांतपणे जाऊन गाय आणत आणि दावं पुन्हा तसंच टाकत.

त्यांच्या पत्नी काकी कधी फुलांचा हार ओवायला बसल्या आणि शेवटी गाठ मारायची वेळ आली, की नाना उठून अंगणात जात. काकी मागून म्हणत, "लग्नात मंगळसूत्र बांधलंत, तेव्हा बरे गप्प होतात."

"तेव्हा नोकरी लागली नव्हती," नाना अंगणातून उत्तर देत.

नोकरी नौदलातली होती. जयगडच्या खाडीकाठच्या वाडीतून नाना सतरा-अठराव्या वर्षी गेले आणि निवृत्त होऊन त्याच वाडीत परतले. मधल्या काळातली बरीच वर्षं त्यांनी बचावाच्या हेलिकॉप्टरच्या उघड्या दारात बसून काढली. दाराबाहेर तार गुंडाळणारी एक विंच असते. तिच्या तारेच्या टोकाला आकडा असतो. तो आकडा खाली सोडायचा, पाण्यातला किंवा बुडत्या होडीवरचा माणूस त्यात अडकवून वर घ्यायचा, हे त्यांचं काम. हेलिकॉप्टरचं नाव चेतक. वाडीने तेच नाव नानांना चिकटवलं.

माझी त्यांची ओळख एका चुकीमुळे झाली. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी रत्नागिरीच्या एका दैनिकात वार्ताहर होतो. कुठल्याशा पुराच्या बातमीत मी लिहिलं होतं, की हेलिकॉप्टरने दोर सोडून माणसांना छपरावरून उचललं. दुसऱ्या दिवशी दुपारी पांढरा सदरा घातलेला, काटक, उन्हाने करपलेला माणूस कार्यालयात आला. त्याच्या हातात अंकाची घडी होती.

"हे तुम्ही लिहिलंत?"

"हो."

"दोर नसतो तो. तार असते. पोलादी." त्यांनी घडी टेबलावर ठेवली. "दोर म्हटलं की माणूस तिच्याशी दोरासारखा वागतो."

या वाक्याचा अर्थ तेव्हा मला कळला नाही. चुकीची दुरुस्ती छापायला संपादक तयार नव्हते. मी तसं सांगितल्यावर नाना म्हणाले, "छापू नका. पुढच्या वेळी बरोबर लिहा." मग चहा न घेता ते जयगडच्या एसटीला गेले.

पुढे नौदलात मोठी, नवी हेलिकॉप्टरं आल्याच्या बातम्या येऊ लागल्या. संपादकांनी मला चेतकच्या कारकिर्दीवर लेख करायला सांगितला. चेतकबद्दल बोलू शकेल असा एकच माणूस मला माहीत होता. मी वाडीत जाऊ लागलो. लेख एका भेटीत होईल असं वाटलं होतं. भेटी चार वर्षं चालल्या.

नानांनी सांगितलेला इतिहास साधा होता. साठच्या दशकात ही हेलिकॉप्टरं परदेशी नावाने आली, मग देशातच बनू लागली आणि त्यांना चेतक हे नाव मिळालं. पुढे काचेचा फुगा, मागे लांब निमुळती शेपटी. "आमच्या काकीच्या वेणीसारखी," ते म्हणत आणि काकी आतून भांडं आपटत. विमानवाहू जहाजावरून विमानं उडत, तेव्हा चेतक आधी वर जाऊन बाजूला थांबे. एखादं विमान पाण्यात पडलं तर वैमानिकाला काढायचं म्हणून. "लढाऊ विमानं सगळ्यांना दिसायची," नाना म्हणाले. "आम्ही बाजूला उभे. काही झालं नाही की आमचा दिवस चांगला गेला." पुरात छपरांवरून, वादळात गलबतांवरून, दीपगृहावरच्या आजारी माणसासाठी, सगळीकडे चेतक गेलं. किती तास उडालं, हे मी विचारलं. ते त्यांना सांगता आलं असतं. पण ते म्हणाले, "तास नका लिहू. माणसं लिहा."

दारात बसणाऱ्या माणसाची त्यांची एक सवय सुटली नव्हती. हेलिकॉप्टरच्या वैमानिकाला आपल्या पोटाखालचं काही दिसत नाही. होडी नेमकी खाली आली की त्याला ती दिसेनाशी होते. मग दारातला माणूस बोलत राहतो आणि वैमानिक त्याच्या आवाजावर यंत्र सरकवतो. नाना घरीही तसेच बोलत. काकी भरलेली कळशी घेऊन उंबरा ओलांडू लागल्या, की ओटीवरून आवाज येई, "पुढे दोन. पुढे एक. बस. धरून ठेव."

"धरूनच ठेवलीय गेली तीस वर्षं," काकी म्हणत.

एका शिमग्याला देवीची पालखी दोन गडग्यांमधल्या चिंचोळ्या पाणंदीत अडकली. पुढे एका घराचा कोपरा, मागे उतार. खांदेकरी एकमेकांवर ओरडत होते. नाना गडग्यावर चढले आणि ठराविक, सपाट आवाजात बोलू लागले. "मागे दोन. मागे एक. थांबा. डावीकडे अर्धं. धरून ठेवा." ओरडणं थांबलं. पालखी गडग्याला न शिवता बाहेर आली. तेव्हापासून दर शिमग्याला त्या पाणंदीशी पालखी आली, की मानकरी आधी नानांना गडग्यावर चढवत.

दुसरी गोष्ट ते भेटेल त्याला सांगत. हवेत फिरणाऱ्या पंख्यांमुळे हेलिकॉप्टरवर वीज साठते आणि ती तारेतून खाली येते. पहिला हात लावणाऱ्याला जबर झटका बसतो. म्हणून आकडा आधी समुद्रात बुडू द्यायचा, मग धरायचा. "आधी पाण्याला शिवू दे, मग तू शिव." हे वाक्य वाडीतल्या बायकांनी उचललं होतं. चुलीवरच्या भाकरीला हात घालणाऱ्या पोरांनाही त्या तेच सुनावत.

पण नानांचं खरं सांगणं एकच होतं. ते त्यांनी मला दुसऱ्या वर्षी सांगितलं. तोवर ओटीवरच्या भिंतीतल्या खिळ्याला लटकणारा वीतभर तारेचा तुकडा मी अनेकदा पाहिला होता. त्याचं एक टोक पिळदार, नीट होतं. दुसरं चपटं, एका घावात तुटल्यासारखं.

"सौराष्ट्राच्या किनाऱ्याबाहेर," नाना म्हणाले. "मच्छीमारांची होडी. सात जण. समुद्र खवळलेला. मी आकडा सोडला. होडीवरच्या म्हाताऱ्याने तो धरला आणि नाळेवरच्या खुंट्याला बांधला."

"का?"

"तुम्ही दर्यावर्दी नाहीत म्हणून विचारताय." त्यांनी होडीच्या पुढच्या टोकाचा आकार हातांनी दाखवला. "होडीवर बाहेरून काहीही आलं, धक्क्यावरून, दुसऱ्या होडीवरून, की पहिलं काम ते बांधायचं. नाहीतर होडी वाहून जाते. बापाने मलाही तेच शिकवलं. म्हाताऱ्याचं काही चुकलं नाही. वरून मदत आली, त्याने बांधून घेतली."

होडी लाटेबरोबर खाली जाते. हेलिकॉप्टर जागेवर असतं. मधली तार ताणते आणि होडी हेलिकॉप्टरला खाली ओढते. अशा वेळेसाठी तार कापणारं एक बटण असतं. एक वैमानिकाकडे, एक दारातल्या माणसाकडे.

"दाबलं मी," नाना म्हणाले आणि उजवा अंगठा पुढे धरला. "या अंगठ्याने. नसतं दाबलं, तर आम्हीही त्यांच्यावरच पडलो असतो. म्हातारा हातात तुटलेली तार घेऊन वर बघत राहिला. आमच्याकडे दुसरी तार नव्हती. इंधनही संपत आलं होतं. दुसरं हेलिकॉप्टर गेलं, तेव्हा तिथे होडी नव्हती."

"वाचले असतील. दुसऱ्या कुणी उचललं असेल."

"असेल." ते तारेकडे पाहत होते. "मी चौकशी केली. उत्तर आलं नाही. पुढे ती तार बदलली, तेव्हा कापलेलं टोक मागून घेतलं."

निवृत्तीनंतर नानांनी स्वतःवर एक काम लावून घेतलं होतं. आपल्या खाडीतला एकही माणूस तार बांधणार नाही, एवढंच. नारळी पौर्णिमेला वाडीच्या लाँची समुद्राला नारळ वाहून पहिल्यांदा बाहेर निघत. नारळ वाहून झाला, की नाना धक्क्यावरच्या वडाच्या फांदीवरून एक आकडा खाली सोडत आणि प्रत्येक लाँच चालवणाऱ्या तांडेलाला तो धरायला लावत. आधी तो बादलीतल्या पाण्यात बुडवायचा. मग धरायचा. माणसाला त्यात अडकवायचं. आणि हात सोडायचा. कुठेही बांधायचं नाही. तारेचा वेढासुद्धा कशाला घ्यायचा नाही. आकडा धरा, बांधू नका.

लोक हसत. सर्वांत मोठ्याने हसे रामा तांडेल. तो नानांचा शाळासोबती होता आणि खाडीतला सर्वांत जुना तांडेल.

"नाना, दर्याला नारळ आनि तुमाला आकडा," तो म्हणे. "दोर हातात आला नि बांदला नाय, तर आमचा बापूस सपनात येऊन कान धरेल."

"तो येऊ दे स्वप्नात. मी जागेपणी येईन."

"बरं ओ बरं. धरला. सोडला. झालं? आता भरती निघाली माजी."

रामाच्या लाँचवर नानांच्या धाकट्या भावाचा मुलगा वसंत खलाशी होता. भाऊ लवकर गेल्यामुळे वसंतला नानांनीच वाढवलं होतं. त्याचं लग्न त्यांनी लावलं होतं. वसंत नानांच्या शिकवणीला हजर असे, पण हसणाऱ्यांतच उभा असे.

माझ्या भेटींच्या चौथ्या वर्षी गौरी-गणपती आटोपले आणि चार दिवसांनी वारा फिरला. सकाळी कार्यालयात फोन आला. रामाच्या लाँचचं इंजिन बंद पडलंय, सुकाणू मोडलंय, नांगर धरत नाही. वारा तिला जयगडच्या उत्तरेच्या खडकांकडे ढकलतोय. परत आलेल्या एका लाँचने ही खबर आणली होती. तिला जवळ जाऊन ओढून आणणं जमलं नव्हतं. लाँचवर सहा माणसं होती. बंदरावरून बिनतारी संदेश गेला होता आणि जवळून जाणाऱ्या नौदलाच्या जहाजावरून हेलिकॉप्टर येणार होतं.

मी स्कूटरने जयगडला पोहोचलो, तेव्हा किल्ल्याच्या पलीकडच्या सड्याच्या मोकळ्या पठारावर शे-दीडशे माणसं जमली होती. पावसाने समुद्र पुसून टाकला होता. लाँच दिसत नव्हती. नाना सड्याच्या कडेला एकटे उभे होते. थोड्या अंतरावर वसंतची बायको आणि रामाची बायको एका इरल्याखाली बसल्या होत्या.

आवाज आला. नानांनी डोळे मिटले.

"चेतकच आहे," ते म्हणाले. वारा समुद्राकडून होता, म्हणून आवाज नीट येत होता. तो सरकत गेला आणि एका जागी थांबला.

"आता लाँचच्या वर आहे ते. आता आकडा सोडतील." त्यांचे ओठ हलू लागले. "पुढे दोन. पुढे एक. धरून ठेव."

मी विचारलं, "आपल्याला काय कळणार इथून?"

"तार कापली तर भार एकदम जातो. यंत्र वर उसळतं. आवाज फाटतो. कळेल."

मी घड्याळाकडे पाहिलं नाही, त्यामुळे किती वेळ गेला ते सांगता येत नाही. एकदा आवाज बदलला. जड झाला, घोगरा. नानांचे ओठ थांबले. त्यांनी उजवा अंगठा मुठीत घातला आणि मूठ आवळली. मग आवाज पुन्हा पूर्वीसारखा झाला. फाटला नाही.

थोड्या वेळाने पावसातून हेलिकॉप्टर दिसलं. सड्यावर उतरलं. तिघे खाली उतरले, डोकी वाकवून धावत आले. वसंत त्यांत नव्हता. रामाही नव्हता. हेलिकॉप्टर परत वर गेलं.

वसंतची बायको पहिल्या खलाशाला म्हणाली, "आमचे?"

"हायत गो. लाँचवर हायत. धाडलं आमाला आदी. तांडेल शेवटाला येनार."

नानांनी त्याचा दंड धरला. "आकडा कुणी धरला?"

"तांडेलांनी."

"पाण्यात बुडवला?"

"बुडवला."

"बांधला?"

खलाशाने एकदा समुद्राकडे पाहिलं. "नाय ओ नाना."

नानांनी त्याचा दंड सोडला. दुसरी फेरी यायला पहिल्याइतकाच वेळ लागला असेल. या वेळी नानांनी डोळे मिटले नाहीत. ते खाली बसले आणि जांभ्या दगडावर तळवा टेकून राहिले.

दुसऱ्या फेरीत तिघेही आले. आधी वसंत. त्याची बायको उठली, पण पुढे धावली नाही. इरलं हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी रामा तांडेल उतरला. तो सरळ नानांकडे आला. त्याचा उजवा हात मनगटापासून सोललेला होता.

"हात गेला ओ नाना," तो म्हणाला. "खोटं नाय सांगनार. आकडा आला नि हात आपोआप खुंट्याकडं गेला. एक वेढा घेतला मी. लाट आली, तार ताटली. वसंता ओरडला. माज्या डोल्यासमोर तुमचं थोबाड आलं, वडाखालचं. दुसरी लाट यायच्या आत वेढा काढला."

"ते कळलं मला," नाना म्हणाले.

"कसं कळलं?"

"आवाज जड झाला होता."

रामाने हाताकडे पाहिलं. "मेलो असतो सगळे."

"तू मेला असतास. वरचा जगला असता," नाना म्हणाले. "वर कुणीतरी पोरगा बटणावर अंगठा ठेवून बसला होता, रामा. त्याला ते दाबावं लागलं नाही."

हेलिकॉप्टरचे पंखे फिरत होते. दारात पंचविशीचा एक जवान बसला होता, शिरस्त्राण घातलेला, भिजलेला. नाना पंख्यांच्या कक्षेबाहेर नेमक्या अंतरावर जाऊन उभे राहिले. बोलणं शक्य नव्हतं. नानांनी उजवा अंगठा वर करून दाखवला. जवानाने आपलाही दाखवला. त्याच्या दृष्टीने ती नेहमीची खूण होती. हेलिकॉप्टर उडालं. नाना ते दिसेनासं होईपर्यंत अंगठा तसाच धरून उभे होते.

लाँच संध्याकाळी खडकांवर फुटली. रामाला तिचं दुःख झालं, पण त्याने ते काही दिवसांनी केलं. त्या दिवशी वाडीत सगळे मोठमोठ्याने बोलत होते आणि सोनूने स्वतःच्या हाताने नानांच्या गाईला वांगी घातली. काकींनी वसंतला दोन शिव्या दिल्या आणि मग पानावर बसवलं.

माझी बातमी दुसऱ्या दिवशी छापून आली. नाना त्याच दुपारी कार्यालयात आले. अंकाची घडी टेबलावर ठेवली आणि एका शब्दावर बोट ठेवलं.

"तार लिहिलंत," ते म्हणाले. या वेळी चहा घेतला.

चेतकवरचा लेखही मी त्या आठवड्यात पूर्ण केला. त्यात तास नव्हते.

पुढच्या नारळी पौर्णिमेला नाना धक्क्यावर आले, पण आकडा त्यांनी सोडला नाही. तो रामाने सोडला. हाताच्या जखमेचा वण वर करून दाखवत त्याने तांडेलांना एकेक करून उभं केलं आणि नानांपेक्षा जास्त शिव्या देऊन शिकवलं. एकाने हसायचा प्रयत्न केला. "हस," रामा म्हणाला. "मी बी हसायचो." नाना वडाच्या पाराशी बसून शेंगदाणे खात होते. शिकवणी संपल्यावर त्यांनी खिशातून तो वीतभर तारेचा तुकडा काढला आणि रामाच्या हातात दिला. पुढे तो धक्क्यावरच्या मच्छीमार सोसायटीच्या खोलीत, देवाच्या तसबिरीशेजारी खिळ्यावर लागला.

दशक संपता संपता काकींच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं आणि दोघंही मुलीकडे मुंबईला राहायला निघाली. निरोप द्यायला मी पहाटेच्या गाडीला गेलो होतो. अर्धी वाडी थांब्यावर होती. वसंत एसटीच्या टपावर चढून सामान लावत होता. नानांची नौदलातली लोखंडी पेटी त्याने कडेला ठेवली, कठड्याला दोरीचा एक वेढा दिला आणि हात थांबवला. सवयीने त्याने खाली नानांकडे पाहिलं. खालचेही सगळे नानांकडे वळले. कंडक्टरला काही कळेना.

"बघतोस काय?" नाना म्हणाले. "पुढे घाट लागणार आहेत. बांध ती. घट्ट बांध."

काकी आधीच आत बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि वसंतला सांगितलं, "दोन गाठी मार रे. हे पुन्हा सांगायचे नाहीत."